हौसाबाईचा कोपरा

पौषातल्या एका मंगळवारी दुपारी माझी पत्नी सुमती वारली. आठ दिवस ताप होता.

बुधवारी सकाळी हौसाबाई आमच्या दारात आली. गावातल्या बायका येत होत्या, पदर डोळ्यांना लावत होत्या आणि माझ्याकडे न पाहता ओटीवर बसत होत्या. हौसाबाई बसली नाही. ती सरळ आतल्या खोलीत गेली. वळणीवरच्या गोधड्या तिने एकेक करून उलट्या केल्या, त्यांच्या पाठीवरून हात फिरवला आणि बाहेर येऊन मला म्हणाली, "मास्तर, ती हिरव्या काठाची येसूच्या लेकीची हाय. कोपरे राहिल्यात. मी नेते."

आणि ती घेऊन गेली. आजारपणात नगरहून आलेली माझी मेहुणी हलक्या आवाजात म्हणाली, "काय बाई तरी ही! सुतकाच्या घरातून गोधडी उचलली!" मला मात्र राग आला नाही. राजूरला अकरा वर्षे मास्तरकी केल्यावर माणसाला हौसाबाईचा राग येईनासा होतो.

हौसाबाई आमच्या नात्यातली नव्हती. शेजारीण म्हणावी, तर तिचे घर गावाच्या दुसऱ्या टोकाला. वय विचारले तर सांगे, "धरनाचं काम लागलं तवा मी नवी नवरी हुते, आन् पानी अडलं तवा कपाळ मोकळं झालं हुतं." यावरून हिशेब ज्याचा त्याने करावा. मूलबाळ नव्हते. दिराचे घर भिंतीला भिंत लागून होते, पण चुली वेगळ्या आणि बोलणे सणापुरते. कारकुनाच्या कानावर टाक असतो तशी तिच्या अंबाड्यात सुई खोचलेली असे, कनवटीला मेणाचा गोळा असे, आणि कोणाच्याही घरी गेली की पाणी पिण्याआधी ती त्या घरची गोधडी उलटी करून बघे. पुढची बाजू ती बघतच नसे. "तोंड सगळीच धुत्यात," ती म्हणे, "पाठ बगावी."

सुमतीची आणि तिची ओळख अशीच झाली. आम्ही नगरहून राजूरला बदलून आलो तेव्हा सुमतीने बरोबर कापसाची गादी आणि स्वतः कशिदा काढलेले उशांचे अभ्रे आणले होते. अभ्र्यांवर मोर होते. नगरला त्या मोरांचे फार कौतुक झाले होते. हौसाबाई आली, तिने अभ्रा उचलला, उलटा केला, बराच वेळ पाहिला आणि म्हणाली, "बाई, पुढनं मोर हाय. मागनं कोंबड्या भांडल्यात."

सुमती दोन दिवस बोलली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाली, "अहो, खरंच भांडल्या आहेत हो." आणि अभ्रा घेऊन हौसाबाईच्या घरी गेली.

राजूरची हवा गादीला मानवत नाही. पावसाळ्यात तिला बुरशी येते आणि हिवाळ्यात ती उरात गारठा धरून बसते. इथे गोधडी लागते. गोधड्या शिवायची इथली रीत शेतीसारखी होती. शेतात जशी सावड करतात, आज माझ्या वावरात सगळे, उद्या तुझ्या, तशी बायका गोधड्यांची सावड करीत. भात घरात आला की दुपारच्या वेळी चारचौघी एकीच्या घरी जमत. जुनी लुगडी, धोतरे, अंगरख्यांच्या पाठी, जे असेल ते पसरायचे, कच्चे टाके घालायचे आणि चौघींनी चार बाजूंनी धावदोरा घालत मध्याकडे यायचे. गोधडी झाली की ज्या घरी लग्न असेल, बाळंतीण असेल, त्या घरी ती जाई. कोणी कोणाला मागत नसे आणि कोणी नाही म्हणत नसे.

या सावडीत हौसाबाई शिकवी. मऊ लुगडे आत घालावे की बाहेर, जुन्या धोतराच्या काठातून दोरा कसा ओढावा, त्याला मेण किती लावावे, हे सगळे ती हातचे न राखता सांगे. फक्त सांगण्याची पद्धत तिची स्वतःची होती. टाक्यांच्या रांगा तिला माणसांसारख्या दिसत. "ही रांग बाजाराला निघालीया," म्हणजे टाके लांब पडले. "ही सासरी निघालीया," म्हणजे फार जवळ पडले. एखादी रांग वाकडी गेली की ती नुसतेच विचारी, "काल घरात कोन भांडलं?" आणि बहुधा कोणीतरी भांडलेले असे.

एकदा शाळा तपासायला साहेब आले. गावात त्यांना डिपुटी म्हणत. मुक्काम आमच्याकडे. सकाळी साहेब बाजेवर पाय पसरून, पायांवर गोधडी घेऊन चहा पीत होते आणि मी समोर हजेरीपत्रके घेऊन उभा होतो. हौसाबाई आत आली. तिने पदर सारखा केला, साहेबांना नमस्कार केला आणि त्यांच्या पायांवरची गोधडी उचलली.

"सायेब, पाय आखडा."

साहेबांनी पाय आखडले. त्यांना कोणाचे ऐकताना मी पहिल्यांदाच पाहिले. हौसाबाईने गोधडी उलटी केली, चारही कोपरे अंगठ्याने दाबले, "चार पावसाळे झाले, पन जागचा हालला न्हाई," असे मला सांगितले, गोधडी पुन्हा साहेबांच्या पायांवर घातली आणि म्हणाली, "पसरा आता."

ती गेल्यावर साहेबांनी कप खाली ठेवला. मग म्हणाले, "तपासणी अशी असावी, मास्तर. आम्ही पुढचीच बाजू बघून जातो." त्या वर्षी शाळेचा शेरा चांगला आला.

लढाईच्या दिवसांत कापड कंट्रोलवर गेले. लुगडी फाटेपर्यंत आणि फाटल्यावरही नेसावी लागू लागली, तेव्हा गोधडीला चिंध्या कुठून मिळणार? सुमतीचा भाऊ भिंगारला छावणीत कारकून होता. त्याने तिथल्या शिंप्याकडून खाकी तुकड्यांचे एक गाठोडे पाठवले. सावडीत आनंदीआनंद झाला. हौसाबाईने एक तुकडा बोटांत चोळला आणि म्हणाली, "ह्या कापडाला लढाईची सवय हाय. आत गप बसायचं न्हाई." कोणी ऐकले नाही. खाकी पोटात घालून गोधडी झाली आणि ती येसूबाईच्या सासऱ्यांना मिळाली. घडी करून कोपऱ्यात ठेवली तर ती पहाऱ्यावर असल्यासारखी उभी राही. सासरे आठ दिवसांनी म्हणाले, "ऊब हाय. पन पकडून नेल्यावानी वाटतं."

या येसूबाईचे दुकान होते. म्हणजे दुकान नवऱ्याचे, पण माप तिच्या हातात. तिला कोणतीही गोष्ट दुसऱ्याला येते आणि आपल्याला येत नाही, हे सहन होत नसे. आणि हौसाबाईला एक गोष्ट येत होती, जी ती कोणाला दाखवत नसे. ती म्हणजे कोपरा.

गोधडीचा कोपरा हा अवघड प्रकार. सहा-सात थर तिथे एकत्र येतात. दुमडले तर गाठोडे होते, कापले तर उसवते. हौसाबाईचा कोपरा कागदाच्या घडीसारखा सपाट बसे आणि गोधडी विरून जाई तरी तो टिके. चौथ्या कोपऱ्यात ती चिमूटभर तांदूळ घाली. "गोधडी उपाशी निजू नये," एवढेच त्याचे कारण. गावातली प्रत्येक गोधडी शेवटी कोपऱ्यांसाठी तिच्या घरी जाई. बाई गोधडी घेऊन यायची, हौसाबाई तिला बसवून घ्यायची, गूळ-पाणी द्यायची, गावभरचे विचारायची. तास-दीड तास गेला की म्हणायची, "जा, मागल्या दारी कोंबड्या काय करत्यात बग." बाई कोंबड्या बघून येईपर्यंत हौसाबाई भिंतीकडे तोंड करून, पदराखाली, कोपरा घालून मोकळी. अशा चार फेऱ्या कोंबड्यांकडे. राजूरमध्ये हौसाबाईच्या कोंबड्यांवर जेवढे लक्ष होते तेवढे सावकाराच्या तिजोरीवरही नसेल.

येसूबाईने एकदा कोंबड्यांकडे जाण्याचे सोंग केले आणि दाराच्या फटीतून पाहिले. हौसाबाईला ते कळले असावे. तिने तो कोपरा सावकाश, पदर बाजूला करून घातला. येसूबाईने घरी जाऊन तसेच चार कोपरे घातले. ती गोधडी जमिनीवर टेकेना. चारही कोपरे कुत्र्याच्या कानांसारखे वर उभे आणि मधला भाग फुगलेल्या भाकरीसारखा. येसूबाई ती घेऊन मुकाट्याने हौसाबाईकडे आली. हौसाबाईने विचारले, "येसू, कोंबड्या बऱ्या हायत न्हवं?"

सुमती जाण्याआधीची दोन वर्षे या रीतीत थोडा बदल झाला होता. कोपरे घातलेल्या गोधड्या आता हौसाबाईकडून थेट ज्याच्या त्याच्या घरी जात नसत. त्या आमच्याकडे येत. सुमतीने सावडीत सांगितले होते की हौसाबाईंच्या अंगणात सावली फार. शाळेच्या भिंतीला दिवसभर ऊन असते, तिथे दोन दिवस ऊन दाखवून मग गोधड्या वाटाव्या. मलाही ते पटले होते. दुपारी शाळा सुटल्यावर मी ओट्यावर पुस्तक घेऊन बसे आणि ती भिंतीपाशी गोधडी मांडीवर घेऊन बसलेली असे. एकदा मी विचारले, "काय करतेस?"

"काही नाही. धागे वर आलेत, ते कापते."

मी पान उलटले.

सुमतीनंतर गोधड्या पुन्हा हौसाबाईकडून थेट घरोघर गेल्या. पहिली गेली ती हिरव्या काठाची, येसूबाईच्या लेकीची. लेक ती घेऊन सासरी, तालुक्याच्या अकोल्याला गेली आणि पंधरा दिवसांत येसूबाई माझ्या दारात उभी.

"मास्तर, पत्र लिहा. माझ्या लेकीला चोर ठरवलं!"

झाले होते असे. चौथा कोपरा उसवला आणि अंथरुणात तांदूळ सांडला. कंट्रोलचे दिवस. सासूने अंथरुणातला तांदूळ पाहिला आणि सुनेला विचारले की घरातला तांदूळ उशाशी चोरून ठेवतेस की माहेरी पोचवतेस? मी पत्र लिहिले. सदर तांदूळ गोधडीच्या कोपऱ्यातला असून तो आमच्या गावच्या रीतीप्रमाणे घातलेला आहे, असे कळवले. मास्तरची सही पाहून सासू गप्प बसली. येसूबाई बसली नाही.

पुढच्या महिनाभरात आणखी तीन गोधड्या सांडल्या. एका घरी उंदरांनी कोपऱ्याबरोबर अर्धी गोधडी नेली. येसूबाई विहिरीवर उघड बोलू लागली, "हौसाक्काचा हात गेला. आता किती दिवस तिचं गुपित डोक्यावर घेऊन नाचायचं? अकोल्याला शिंप्याकडं मशीन आलंय. चैत्रापासून सगळ्यांचे कोपरे तिकडंच घालू." बायकांनी माना हलवल्या. चैत्राला महिना होता.

सांडलेल्यांपैकी एक गोधडी पुरावा म्हणून माझ्याकडे आली होती. ती मांडीवर घेऊन मी भिंतीपाशी बसलो, सुमती बसे तिथेच. कोपऱ्याचे टाके पाहिले. मला शिवणातले कळत नाही, पण अक्षर कळते. ही अक्षरे एकमेकांवर चढली होती. मग मी घरातली गेल्या वर्षीची गोधडी काढली. कोपऱ्यावरचे टाके बारीक, सरळ, एका उंचीचे. आणि त्या कोपऱ्याच्या कडेला, आधी उसवलेल्या दुसऱ्या टाक्यांची भोके होती. धागे वर आले म्हणून सुमती काय कापत होती, ते मला तेव्हा समजले. मी दोन वर्षे तिच्यापासून दहा हातांवर बसलो होतो.

मी गोधडी घेऊन हौसाबाईकडे गेलो. वाटेत काय बोलायचे ते तीन प्रकारे जुळवले. ती उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवत होती. दोरा ओठांत ओला करी, बोटाने सुईचे नाक चाचपी, आणि दोरा बाजूने निघून जाई. मी उभा होतो ते तिला दिसले नाही.

"कोन हाय?"

"मी. मास्तर."

"बसा." तिने हात पुढे केला. मी गोधडी दिली. तिने कोपऱ्यावरून अंगठा फिरवला. "सांडली व्हय?"

"सांडली," मी म्हणालो. जुळवलेल्यांत हे वाक्य नव्हते. तीच म्हणाली, "डोळ्यात ढग आल्यात, मास्तर. दोन वर्सं झाली. बाई उसवून परत घालायच्या. ती हिरव्या काठाची उसवून तशीच राहिली हुती, तिचं कोपरं मी घातलं."

"तुम्हाला माहीत होतं?"

"कुनाच्या घरी गेलं का मी गोधडीची पाठ बगती न्हवं? डोळ्याला दिसत न्हवतं, पन अंगठ्याला दिसत हुतं. त्यो टाका माझा न्हवता. माझ्यापरीस बारीक हुता."

"तिला तुम्ही शिकवलं?"

"न्हाई! कुनाला शिकिवलं न्हाई. त्यांनी माझा एक कोपरा उसवून उसवून बगितला आसंल. लई आदीच. डोळं चांगलं हुतं माझं, तवाच."

"मग तिने सांगितलं का नाही? आणि तुम्ही तरी का नाही बोललात?"

हौसाबाईने गोधडीची घडी केली, मोडली, पुन्हा केली.

"धावदोरा शिकिवला, पार्वती यायची थांबली. दोरा ओढायला शिकिवलं, गंगी थांबली. समद्या शिकल्या आन् आपापल्या घरी गेल्या. वाईट न्हाईत बाया, पन काम नसलं का कोन कशाला एवढं लांब येतं? म्हनून कोपरा ठिवला माझ्यापाशी. कोपऱ्यामुळं दार वाजतं, मास्तर." तिने सुई अंबाड्यात खोचली. "बाईंना कोपरा येत हुता. तरी त्या माझ्याकडंच आनायच्या. गोधडी पुढ्यात टाकायच्या आन् म्हनायच्या, हौसाबाई, जाऊ का कोंबड्या बगायला? आन् जायच्या बी."

मागल्या दारी कोंबड्या होत्या.

"चैत्रात शिंप्याकडं जानार म्हनं," ती म्हणाली.

"सुईत दोरा मी ओवून देतो," मी म्हणालो.

"नुसत्या दोऱ्यानं काय हुतंय? सुई धरता येती का?"

"नाही."

"छडी धरता तशी धरू नका म्हंजे झालं."

कोपरा शिकायला मला चार रविवार लागले. पहिला कोपरा तिने अंगठ्याने दाबला आणि म्हणाली, "ह्यो टाका न्हाई, खुंटा हाय. म्हैस बांधा." दुसऱ्या रविवारी माझ्या बोटाचे रक्त गोधडीला लागले तेव्हा म्हणाली, "मास्तर, लाल शाई वापरू नका." गुपित काय होते ते ऐकून मी क्षणभर निराश झालो, ते इतके लहान आहे की दोन वाक्यांत सांगता येईल. मी ते इथे लिहीत नाही.

चैत्रात आमच्या ओट्यावर बायका जमल्या. येसूबाईने नव्या गोधडीचा कोपरा दोन्ही हातांनी ओढला, मग दातांनी ओढला.

"हौसाक्का, हात बरा झाला वाटतं?"

"हाताला काय धाड भरली हुती? तुझ्या लेकीची गोधडी सुतकाच्या घरातली हुती. सांडनार न्हाई तर काय?"

"आन् बाकीच्या तिघींच्या?"

"त्या तिच्याच घडीवर ठिवलेल्या. लागलं सुतक!"

धर्मशास्त्रात याला आधार आहे का, असे येसूबाईने मला विचारले. मी आहे म्हणालो. अकोल्याच्या शिंप्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

या गोष्टीला दीड वर्ष होत आले. लढाई संपली, कापड अजून कंट्रोलवरच आहे. मास्तर दर रविवारी दुपारी हौसाबाईला पोथी वाचून दाखवतात, असा गावात समज आहे. बायकोमागे मास्तरांना भक्ती लागली, असेही म्हणतात. पोथी माझ्या शेजारी उघडी असते. गोधडी माझ्या मांडीवर आणि तिचे दुसरे टोक हौसाबाईच्या. ती गावभरचे सांगते, मी टाके घालतो. कधी कधी सुमतीचे काही निघते. मला माहीत नसलेले पुष्कळ तिला माहीत आहे. गोधडी आणणारी बाई आली की हौसाबाई गोधडी पदराखाली ओढते आणि मी पोथीतली समोर येईल ती ओळ मोठ्याने वाचू लागतो. एकदा मी फलश्रुतीपासून सुरुवात केली. कोणाच्या लक्षात आले नाही.

हौसाबाईला आता उजेड तेवढा कळतो. तांदूळ तीच मोजून घालते. दार वाजते.